दमा : वयोगटानुसार उपचारांचे संशोधन

दम्यावरील औषधांची परिणामकारकता आणि दुष्परिणाम रुग्णाच्या वयानुसार कसे बदलतात, हे नियंत्रित मानवी चाचण्यांमधून तपासणारे वैद्यकीय संशोधन. दमा अर्भकापासून वृद्धापर्यंत कोणालाही होतो. तरीही बहुतेक औषधांची पहिली चाचणी प्रौढांवर होते आणि लहान मुलांविषयीचे निष्कर्ष पुष्कळ मागाहून हाती येतात. मधल्या काळात मुलांना प्रौढांच्या मात्रेवरून अंदाजाने औषध दिले जाते. हा अंदाज कधी बरोबर ठरला, तर कधी साफ चुकला.

वयाच्या सीमा : १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘जिना’ या दम्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या मार्गदर्शक तत्त्वांत पाच वर्षांपर्यंतची मुले, सहा ते अकरा वर्षे आणि बारा वर्षांपुढील रुग्ण असे तीन गट केले जातात. पहिल्या सीमेला शारीरिक आधार आहे. पाच वर्षांखालील मुलाला जोराने, एका दमात श्वास सोडून दाखवणे सहसा जमत नाही, त्यामुळे स्पायरोमेट्री (श्वास फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची तपासणी) भरवशाची राहत नाही आणि आईवडिलांनी ठेवलेल्या लक्षणांच्या नोंदीवर भिस्त ठेवावी लागते. बाराव्या वर्षाची सीमा मात्र बरीचशी सोयीची आहे. बालपणी दमा मुलग्यांत अधिक आढळतो, तर वयात आल्यानंतर हे प्रमाण उलटून स्त्रियांत अधिक होते. हा बदल प्रत्येकात वेगवेगळ्या वयात घडत असल्याने बारा ते सतरा वर्षांची मुले प्रौढांच्या गटात घालणे शास्त्रीयदृष्ट्या समाधानकारक वाटत नाही.

आरंभ : ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने कॉर्टिसोन या स्टेरॉइडवर घेतलेल्या आणि १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्या या क्षेत्रातील आरंभीच्या यादृच्छिक (कोणाला कोणते औषध द्यायचे हे चिठ्ठीप्रमाणे ठरवलेल्या) चाचण्यांत गणल्या जातात. ठराविक मात्रा देणारा दाबयुक्त इन्हेलरही त्याच वर्षी बाजारात आला. वयोगट वेगळे काढून पाहिले पाहिजेत, हे मात्र पुढे मृत्युनोंदींनी दाखवून दिले. १९६० नंतर इंग्लंड व वेल्समध्ये दम्याचे मृत्यू वाढू लागले. स्पायझर, डॉल व हीफ या संशोधकांनी १९६८ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार ५ ते ३४ या वयात मृत्युदर सुमारे तिप्पट झाला होता, तर १० ते १४ वर्षांच्या मुलांत तो जवळजवळ आठपट झाला होता. सर्व वयांची सरासरी काढली असती, तर ही मुले त्या आकड्यात हरवून गेली असती.

या मृत्यूंच्या कारणाविषयी मतभेद आहेत. संशोधक पॉल स्टॉली यांनी १९७२ मध्ये असे दाखवले, की प्रत्येक फवाऱ्यात आयसोप्रेनालिन या श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधाची कित्येक पट मात्रा देणारा ‘फोर्ट’ इन्हेलर जेथे मोठ्या प्रमाणावर खपला, तेथेच मृत्यू वाढले. अमेरिकेत तो विक्रीस नव्हता आणि तेथे अशी लाट आली नाही. दुसऱ्या मतानुसार औषधाची विषाक्तता गौण होती. इन्हेलरने तात्पुरता आराम पडल्याने रुग्णालयात जाण्यास उशीर झाला आणि स्टेरॉइड वेळेवर मिळाले नाही. देशादेशांतील फरक पहिल्या मताने अधिक नीट उलगडतो. न्यूझीलंडमध्ये १९७६ च्या सुमारास सुरू झालेल्या दुसऱ्या लाटेनेही त्याला बळ मिळाले : १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५ ते ४५ वर्षांच्या रुग्णांवरील अभ्यासात मृत्यूंचा संबंध फेनोटेरॉल या तशाच औषधाच्या इन्हेलरशी जोडला गेला आणि त्याचा वापर आवरल्यावर मृत्यू घटले. मात्र दोन्ही कारणे एकत्र असणे अशक्य नाही, कारण रक्तात प्राणवायू कमी असताना अशा औषधाचा हृदयावरील ताण वाढतो आणि उशीर झालेल्या रुग्णाची स्थिती नेमकी तीच असते.

स्टेरॉइड आणि मुलांची उंची : श्वासावाटे घ्यायचे बेक्लोमेथासोन हे स्टेरॉइड १९७२ मध्ये आले. तेव्हापासून पालकांचा प्रश्न एकच आहे : मुलाची वाढ खुंटेल का? आगरटॉफ्ट व पेडरसन यांच्या २००० मधील डॅनिश अभ्यासात दीर्घकाळ ब्युडेसोनाइड (याच प्रकारचे स्टेरॉइड) घेतलेल्या मुलांनी अपेक्षित उंची गाठल्याचे आढळले. त्याच वर्षी ‘कॅम्प’ या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष आले. तीत ५ ते १२ वर्षांच्या १,०४१ मुलांना चार ते सहा वर्षे ब्युडेसोनाइड, नेडोक्रोमिल (स्टेरॉइड नसलेले दाहशामक) किंवा छद्मौषध (औषधासारखे दिसणारे पण निष्क्रिय द्रव्य) देण्यात आले होते. ब्युडेसोनाइड घेणाऱ्या मुलांची उंची सरासरी सुमारे १.१ सेंमी. कमी भरली आणि हा फरक मुख्यतः पहिल्या वर्षातच पडला. हीच मुले मोठी झाल्यावर २०१२ मध्ये हा फरक १.२ सेंमी. आढळला, म्हणजे तो भरून निघाला नाही आणि वाढतही गेला नाही. डॅनिश अभ्यास यादृच्छिक नव्हता, म्हणून ‘कॅम्प’चा निष्कर्ष अधिक ग्राह्य धरावा लागतो. अनियंत्रित दमा मुलाची झोप, शाळा आणि कधी जीवही हिरावतो. त्यापुढे सव्वा सेंटिमीटर फार नाही, पण पालकांना तो आकडा स्पष्टपणे सांगितला पाहिजे. ‘कॅम्प’ चाचणीत उपचार चालू असताना लक्षणे व झटके कमी झाले, पण फुप्फुसांच्या वाढीत कायमचा फायदा दिसला नाही.

शालापूर्व वय : या वयात घरघर करणारे प्रत्येक मूल दमेकरी नसते. अमेरिकेतील टक्सन येथे १९८० पासून जन्मापासूनच पाठपुरावा केलेल्या मुलांच्या अभ्यासात (निष्कर्ष १९९५) सुमारे एक पंचमांश मुलांची घरघर तीन वर्षांपर्यंत होऊन सहाव्या वर्षापर्यंत थांबली होती, तर सुमारे १४ टक्के मुलांत ती टिकली. दमा होण्याचा धोका अधिक असलेल्या दोन ते तीन वर्षांच्या २८५ मुलांना ‘पीक’ चाचणीत (२००६) दोन वर्षे फ्लुटिकासोन हे श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड किंवा छद्मौषध दिले गेले. औषध चालू होते तोवर लक्षणे कमी राहिली. तिसऱ्या वर्षी ते थांबवल्यावर फायदा ओसरला. लवकर उपचार केल्यास रोगाची दिशाच बदलेल, ही आशा त्यामुळे मावळली. विषाणूजन्य घरघरीसाठी रुग्णालयात आलेल्या शालापूर्व मुलांना तोंडावाटे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिल्याने मुक्काम कमी होत नाही, असे २००९ च्या ब्रिटिश चाचणीत आढळले. मोठ्या मुलांत तेच औषध तीव्र झटक्यात उपयोगी पडते.

प्रौढांचे निष्कर्ष मुलांना लावण्याच्या मर्यादा : कृष्णवर्णीय अमेरिकी रुग्णांवरील ‘बार्ड’ चाचणीत (२०१९) हा मुद्दा विशेष ठळकपणे दिसतो. कमी मात्रेच्या स्टेरॉइडने आटोक्यात न येणाऱ्या दम्यात किशोर व प्रौढांना सालमेटेरॉल (श्वासनलिका दीर्घकाळ रुंद ठेवणारे औषध) जोडणे अधिक लाभले, तर पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत स्टेरॉइडची मात्रा वाढवणे आणि सालमेटेरॉल जोडणे हे दोन्ही मार्ग सारखेच ठरले. सालमेटेरॉलविषयी ‘स्मार्ट’ चाचणीमुळे (२००६) मृत्यूची भीती निर्माण झाली होती. पुढे स्टेरॉइडसोबतच्या वापराची सुरक्षितता तपासताना चार ते अकरा वर्षांच्या मुलांची वेगळी चाचणी घेण्यात आली (२०१६). मुलांची अशी वेगळी तपासणी हा १९६० च्या दशकानंतर झालेला महत्त्वाचा बदल आहे. केवळ आराम देणाऱ्या इन्हेलरवर विसंबू नये, हा ‘जिना’चा २०१९ चा सल्ला बारा वर्षांवरील रुग्णांपुरता होता. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल (स्टेरॉइड आणि श्वासनलिका रुंदावणारे औषध एकत्र) गरजेपुरते वापरल्यास लहान मुलांतही झटके घटतात, हे न्यूझीलंडमधील ५ ते १५ वर्षांच्या मुलांच्या चाचणीत २०२५ मध्ये दिसले. जैविक औषधांपैकी (सजीव पेशींपासून बनवलेल्या प्रतिपिंडांसारख्या औषधांपैकी) मेपोलिझुमॅबने प्रौढांत झटके साधारण निम्म्यावर आणले. शहरी वस्तीतील मुलांमध्ये २०२२ च्या चाचणीत ही घट सुमारे २७ टक्केच होती.

वृद्ध रुग्ण : दम्याचे मृत्यू वृद्धांत अधिक होतात, तरी चाचण्यांत त्यांचा सहभाग अल्प असतो. धूम्रपान, हृदयविकार किंवा इतर औषधे या कारणांनी त्यांना वगळले जाते. न्यूझीलंडमधील २००७ च्या एका अभ्यासानुसार समाजातील दमेकऱ्यांपैकी मध्यमानाने केवळ ४ टक्के व्यक्ती प्रमुख चाचण्यांच्या प्रवेशनिकषांत बसल्या असत्या. संधिवाताने आखडलेल्या बोटांना इन्हेलर दाबणे अवघड जाते. स्टेरॉइडमुळे हाडे ठिसूळ होणे व मोतीबिंदू यांचा धोका वाढू शकतो. वयोमानाने स्पायरोमेट्रीतील गुणोत्तर (पहिल्या सेकंदात सोडलेल्या हवेचे एकूण सोडलेल्या हवेशी प्रमाण) आपोआप घटत असल्याने दमा आणि दीर्घकालीन अवरोधक फुप्फुसविकार यांची गल्लतही होते.