पार्श्वभूमी : ‘सकारात्मक विचार’ आणि मराठीतला ‘च’

मनाला ‘सज्जन’ म्हणून हाक मारणारे २०५ श्लोक आजही अनेक घरांत पाठ असतात. मनाला समोर बसवून समजवायचं, प्रसंगी दटावायचं, ही रीत आपल्याला नवी नाही. पण ‘सकारात्मक विचार करा’ हा आज जागोजागी ऐकू येणारा सल्ला त्या श्लोकांतून आलेला नाही. तो बाहेरून आला, आणि तोही दोन वाटांनी. या दोन वाटा एकमेकींपासून बऱ्याच दूर आहेत. मराठीत मात्र दोन्हींवर एकच पाटी लागली, आणि त्यातून झालेला घोळ अजून निस्तरलेला नाही.

पहिली वाट स्वयंसूचनेची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या नान्सी शहरात एक औषधविक्रेता लोकांना वीस गाठी मारलेली दोरी वापरायला सांगत असे. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना एकेक गाठ बोटांतून सरकवायची आणि ‘मी दिवसेंदिवस सर्व प्रकारे बरा होत आहे’ असं पुटपुटायचं. जपमाळ ओढत आलेल्या समाजाला ही कल्पना परकी वाटण्याचं कारण नव्हतं. पुढे १९५२ मध्ये एका अमेरिकी धर्मोपदेशकाने श्रद्धा आणि स्वयंसूचना यांची सांगड घालून लिहिलेलं पुस्तक तिथल्या खपाच्या यादीत तीन वर्षांहून अधिक काळ टिकलं. मानसोपचाराच्या क्षेत्रातून त्यावर तेव्हाच टीका झाली. ‘व्यक्तिमत्त्व विकास’ शिबिरं, अनुवादित पुस्तकं, प्रेरणादायी व्याख्यानं आणि पहाटे मोबाइलवर येणारे सुविचार हे सगळं याच वाटेवरचं.

दुसरी वाट १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. मनोविश्लेषणाला कंटाळलेल्या एका मानसशास्त्रज्ञाने वेगळी मांडणी केली : घटना आपल्याला दुःखी करत नाही, घटनेकडे आपण ज्या दृष्टिकोनातून पाहतो तो दुःखी करतो. ही कल्पना आपली नाही, सुमारे १,९०० वर्षांपूर्वीच्या, मुळात गुलाम असलेल्या एका ग्रीक तत्त्ववेत्त्याची आहे, हेही त्याने मोकळेपणाने सांगितलं. मुंबईतल्या एका मानसोपचारतज्ज्ञाने त्याच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली आणि मराठीत आणली. नाव ठरलं ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’. पुढे ठाणे, पुणे आणि इतर गावांत तिच्या कार्यशाळा झाल्या, लेखमाला निघाल्या.

ही पद्धत मराठीत कशी उतरते ते एका वहीच्या पानावर दिसतं. पानावर तीन रकाने आखायचे : घटना, दृष्टिकोन, परिणाम. समजा, दहावीतल्या मुलीच्या आईने पहिल्या रकान्यात लिहिलं, ‘चाचणीत ७२ टक्के’. तिसऱ्यात लिहिलं, ‘रात्रभर झोप नाही, सकाळी मुलीवर ओरडले’. मधला रकाना बराच वेळ रिकामा राहतो, कारण गुण कमी पडले म्हणूनच झोप उडाली अशी तिची खात्री असते. थोडं खोदल्यावर वाक्य सापडतं : ‘तिला नव्वद टक्के पडलेच पाहिजेत.’

सगळा मामला त्या ‘च’मध्ये आहे. इच्छेचा हट्ट होतो तो तिथे. ‘नव्वद पडावेत असं मला मनापासून वाटतं’ असं वाक्य बदलून लिहिलं, तर अपेक्षा तीच राहते, प्रयत्नही तेच राहतात. नाही पडले तर वाईटही वाटतं, पण ते जगबुडीसारखं वाटत नाही. इंग्रजीत ही अट अख्ख्या क्रियापदाने सांगावी लागते. मराठीत एका अक्षराचा प्रत्यय ती लादतो, म्हणून तो पकडायलाही सोपा. ‘मला जमलंच पाहिजे’, ‘त्याने माझं ऐकलंच पाहिजे’, ‘असं व्हायलाच नको होतं’. दिवसभरात आपण किती ‘च’ वापरले ते रात्री मोजून पाहावं, इतका साधा हा गृहपाठ आहे.

इथे ‘सगळं छान होईल’ असं कुठेही म्हटलेलं नाही. गुण कमी पडू शकतात, नोकरी जाऊ शकते, आजार बळावू शकतो, हे धरूनच विचार करायचा आहे. म्हणूनच ही पद्धत ‘काळजी’ आणि ‘चिंता’ यांत फरक करते. काळजी माणसाला अभ्यासाला बसवते, डॉक्टरकडे नेते. चिंता जागच्या जागी खिळवते. स्वयंसूचनेच्या वाटेवर हा फरकच नाही, कारण तिथे दोन्ही ‘नकारात्मक’ ठरतात आणि दोन्ही हाकलायच्या असतात.

आता शब्दाकडे वळू. ‘सकारात्मक’ जुन्या मराठी लेखनात फारसा भेटत नाही. व्याकरणात होकारार्थी आणि नकारार्थी वाक्यं होती, विजेत धन आणि ऋण प्रभार होते, तत्त्वज्ञानात भावात्मक आणि अभावात्मक. सार्वजनिक जीवनात ‘विधायक’ होता, आणि तो फार चांगला शब्द होता, कारण ‘विधायक’मध्ये काहीतरी घडवणं आहे. ‘सकारात्मक’ने ही सगळी घरं एकट्याने व्यापली. अर्थ उरला तो एवढाच की ‘नाही’ म्हणायचं नाही. त्यामुळे घरात आजारपण असताना कोणी भीती बोलून दाखवली तर ‘असं नकारात्मक बोलू नकोस’ म्हणून त्याला गप्प केलं जातं. मार्च २०२० नंतर तर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द घराघरात धडकी भरवणारा झाला. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय’ आणि ‘पॉझिटिव्ह राहा’ ही दोन्ही वाक्यं एकाच फोनवर ऐकलेली माणसं आजही भेटतात.

‘विवेकनिष्ठ’ची अडचण वेगळी. तर्कनिष्ठ किंवा बुद्धिनिष्ठ न म्हणता ‘विवेक’ निवडला हे योग्यच झालं. संतांनी तो शब्द आधीच माजघरापर्यंत पोहोचवला होता. पण संतांच्या विवेकात नित्य काय आणि अनित्य काय याची पारख आहे, आणि विसाव्या शतकात ‘विवेकवाद’ हे बुद्धिप्रामाण्यवादी चळवळीचं नाव झालं. परिणामी काही वाचकांना ही पद्धत आध्यात्मिक वाटली, तर काहींना नास्तिकांची. खरं तर तिला देव्हाऱ्याशी काही देणंघेणं नाही. या गैरसमजामुळे तिचा प्रसार अडला, आणि सोपं, गुळगुळीत ‘सकारात्मक’ पुढे निघून गेलं, हे नुकसानच झालं.

नंतरच्या घडामोडी वेगाने आल्या. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या तत्कालीन अध्यक्षाने आजारांइतकाच माणसाच्या बलस्थानांचा अभ्यास व्हावा अशी दिशा दिली. त्या शाखेचं नावही ‘सकारात्मक मानसशास्त्र’ असंच मराठीत आल्यामुळे गोंधळ वाढला. २००९ मध्ये कॅनडातून प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, स्वतःबद्दल मुळात कमी आदर असलेल्यांनी ‘मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे’ असं घोकल्यावर त्यांना ते न घोकणाऱ्यांपेक्षा वाईट वाटलं. आपल्याकडे २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा हक्क ठरवला, तो मे २०१८ पासून लागू झाला. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मोफत दूरध्वनी समुपदेशनही सुरू आहे, मराठीतही.

‘माइंडसेट’ हा शब्द २००६ मधल्या एका पुस्तकानंतर शाळांमध्ये शिरला. त्याला मराठीत ‘मानसिकता’ म्हणतात, पण ‘समाजाची मानसिकता बदलली पाहिजे’ या वाक्यात ती नेहमी दुसऱ्याचीच असते. मूळ मुद्दा स्वतःपुरता आहे : ‘मला गणित येत नाही’ऐवजी ‘मला गणित अजून येत नाही’. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. बुद्धी प्रयत्नाने वाढते असं सांगणाऱ्या, एका तासाहूनही छोट्या ऑनलाइन पाठाने अभ्यासात मागे असलेल्या मुलांची श्रेणी थोडीशी वर गेली. आणि हा फायदा त्या शाळांत जास्त दिसला, जिथे अवघड गणित हातात घेणाऱ्याला सोबतची मुलं हसत नव्हती.