रेस्टनचं अपेंडिक्स सुयांवर काढलं नव्हतं हो

"१९७१ ला अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टनचं अपेंडिक्स बीजिंगमध्ये भूल न देता नुसत्या अॅक्युपंक्चरवर काढलं" हे अजून फॉरवर्ड होतंय, आणि खरंच जीव तुटतो, कारण त्याने स्वतःच २६ जुलैच्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलंय की ऑपरेशनला नेहमीचंच भुलीचं इंजेक्शन होतं. सुया आल्या ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री, पोट फुगून अस्वस्थ व्हायला लागलं तेव्हा! मळमळ, जुनी पाठदुखी, तिथे डॉक्टरांना विचारून जोडीला घ्या की अॅक्युपंक्चर, फक्त सुया नवीन पाकिटातल्याच हव्यात, पण भुलीऐवजी नाही. रेस्टनला उजव्या कोपराला आणि गुडघ्यांखाली तीन लांब बारीक सुया टोचल्या, हातापायात अशी कळ गेली की पोटावरचं लक्षच उडालं, आणि तासाभरात पोट हलकं झालं.