कमी दिवसांचं बाळ, सातपुड्याची वाट आणि आईची ऊब

सातव्या महिन्यात झालेलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही, ही समजूत खान्देशात अजून कानावर पडते. ती साफ चुकीची आहे आणि जीवघेणीही. ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा त्याचं बळ वाढवतो. आठव्यातल्या बाळाची आशा घरानेच सोडली, तर दवाखान्याची वेळ टळून जाते.

अशा बाळाच्या अंगावर चरबी फार कमी असते, ते लगेच गार पडतं. जुन्या घरांत त्यावर कापूस आणि शेगडी हाच इलाज. पॅरिसमध्ये स्तेफान तार्निए यांनी अंडी उबवण्याच्या यंत्रावरून १८८०च्या सुमारास बाळांसाठी उबदार पेटी करून घेतली. श्वासाचं कोडं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुटलं. फुप्फुसं उघडी ठेवणारा द्रव या बाळांत कमी असतो, हे मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्ये दाखवलं. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउवी यांनी प्रसूतीआधी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन ती फुप्फुसं लवकर तयार होतात, हे सिद्ध केलं.

पण इंजेक्शनसाठी आई वेळेत दवाखान्यात पोहोचावी लागते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तरी सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांची वाट तीच राहिली: घाट, नर्मदेचं पाणी, रस्ता नसेल तिथे बांबूची झोळी. त्यात अंगात रक्त कमी, काहींना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आणि ऊसतोडीला गेलेल्या बाईची तपासणी अर्धवट सुटलेली. दिवस भरण्याआधी कळा येण्याची भीती इथे म्हणूनच जास्त.

या मुलखाला सर्वांत जवळची वाटावी अशी गोष्ट कोलंबियातल्या बोगोटाची आहे. पेट्या अपुऱ्या, वॉर्डात गर्दी आणि संसर्ग. तेव्हा १९७८-७९ मध्ये एडगर रे आणि हेक्टर मार्टिनेझ या डॉक्टरांनी बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. हीच कांगारू पद्धत. सुरुवातीला तिला गरिबांची तडजोड म्हटलं गेलं. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात, १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच अशी ऊब दिल्यावर मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने जन्मानंतर शक्य तितक्या लवकर ही पद्धत सुरू करावी, अशी शिफारस केली.

त्या अभ्यासात आईची खाट नवजात कक्षातच होती. आपल्याकडे बाळ आत आणि ओली बाळंतीण बाहेर व्हरांड्यात, हे पहिल्यांदा बदलायला हवं.