पंचवीस टक्के जागा आणि नर्सरीचे दार : पार्श्वभूमी

बडोदा संस्थानात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले, ते सात वर्षांपुढच्या मुलांसाठी. त्याआधीचे वय घराच्या हवाली होते. १९७५ नंतर अंगणवाड्या आल्या. पण बडोद्यातल्या रावपुरा, दांडिया बाजारातल्या नोकरदार घरांनी धरली नर्सरी, ज्युनिअर, सीनिअर केजीची फीवाली वाट, आणि शाळेचा खरा प्रवेश तिसऱ्या-चौथ्या वर्षीच होऊ लागला.

सगळा गुंता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या एका परंतुकाचा, म्हणजे कलमाला जोडलेल्या पुरवणी अटीचा आहे. कलम १२ प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या पटाच्या किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांना मोफत द्यायच्या. शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर हाच नियम तिथल्या प्रवेशालाही लागू, असे परंतुक सांगते. शेजारचा मध्य प्रदेश या जागांची सोडत नर्सरीपासून काढतो. गुजरातमध्ये मात्र प्रवेश पहिलीतच.

याचा अर्थ वर्गात गेल्यावर कळतो. पट ४० चा असेल तर ३० मुले बहुतेक त्याच शाळेच्या सीनिअर केजीतून वर आलेली असतात. अक्षरे, अंक, इंग्रजी सूचना त्यांच्या अंगवळणी पडलेल्या. सोडतीतून आलेली १० मुले हे सगळे सहाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकतात, आणि शिक्षिका धडा सुरू करते तो ३० जणांच्या पायरीवरून. फी माफ होते, शिकवणीचा खर्च मात्र पालकाच्या माथी बसतो. बाजाराने तीन वर्षे आधी केलेली निवड सोडतीने पुसली जात नाही. परंतुक कागदावरच ठेवणे हा गरीब मुलांवरचा उघड अन्याय आहे.

या मोफत जागांसाठी सरकार देते त्या परताव्याचा नियमही शाळांना नकोसा वाटतो. सरकारचा प्रतिविद्यार्थी खर्च आणि शाळेची फी यांत जो आकडा कमी, तेवढेच शाळेला मिळते.

गुजरातमध्ये २०२३ पासून पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षे पूर्ण लागतात आणि पाच वर्षांच्या मुलांसाठी सरकारी शाळांत बालवाटिका आहे. इथे एक चूक महागात पडते : वर्ष वाया जाऊ नये म्हणून मुलाला दुसरीकडे पहिलीत बसवले आणि पुढच्या वर्षी सोडतीचा अर्ज भरला, तर तो बाद होतो. भाड्याने राहणाऱ्यांनी नोंदणीकृत भाडेकरारच जोडावा, नोटरीचा चालत नाही.

२०२५ मध्ये अर्जासाठीची वार्षिक उत्पन्नमर्यादा शहरी भागात दीड लाखावरून सहा लाखांवर गेली. अर्जदार वाढले, जागांचे प्रमाण २५ टक्केच राहिले.