मेंदूच्या दुखापतीनंतरच्या मानसिक लक्षणांवरील औषधोपचार

अपघात, पडणे किंवा मारहाण यांमुळे मेंदूला इजा झाल्यावर दिसणारे नैराश्य, चिडचिड, आक्रमकता, निरिच्छता, संशय-भास आणि अकारण रडू-हसू येणे यांवर औषधे देण्याची पद्धती. टाके निघतात, रुग्ण चालू-बोलू लागतो. पण ‘माणूस पूर्वीचा राहिला नाही’ ही घरच्यांची तक्रार तिथूनच सुरू होते. १८४८ साली अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात सुरुंग ठासताना लोखंडी पहार फिनिअस गेज या रेल्वेकामावरील मुकादमाच्या कवटीतून आरपार गेली. तो वाचला, मात्र हा आता गेज नव्हेच, असे त्याचे परिचित म्हणत, अशी नोंद त्याचे डॉक्टर हार्लो यांनी केली आहे.

ही लक्षणे विरळ नाहीत. सिएटल येथे रुग्णालयात दाखल झालेल्या ५५९ रुग्णांच्या पाहणीत (२०१०) पहिल्या वर्षात सुमारे ५३ टक्क्यांना तीव्र नैराश्याने गाठल्याचे आढळले.

नवे औषध लिहिण्याआधी चालू गोळ्यांची चिठ्ठी तपासणे हा या उपचाराचा खरा आरंभ होय. फिट येऊ नये म्हणून दिले जाणारे लेव्हेटिरासिटॅम स्वतःच काहींना विलक्षण चिडखोर बनवते. अशा वेळी रागावर दुसरी गोळी देणे म्हणजे आगीवर पांघरूण घालणे. फिटची गोळी घरच्यांनी परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे. ती बदलणे डॉक्टरांचे काम. वेदना, तुंबलेली लघवी, संसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, कवटीत हळूहळू साचणारे रक्त यांनीही रुग्ण अस्वस्थ होतो, आणि बोलता न येणारा रुग्ण ते सांगणार कसे?

इजा झालेला मेंदू औषधांना अधिक संवेदनशील असतो; म्हणून मात्रा अल्प ठेवून सावकाश वाढवतात. नैराश्यावरील ब्युप्रोपियॉन आणि संशय-भासांवरील क्लोझापिन यांमुळे फिटची शक्यता वाढते, त्यामुळे ती जपून वापरतात.

नैराश्यात सर्ट्रालिनसारखी औषधे प्रथम दिली जातात, पण पुरावा डळमळीत आहे. २०१६ च्या एका चाचणीत दुखापतीनंतर लवकर सुरू केलेल्या सर्ट्रालिनने नैराश्य टळण्यास मदत झाली. २०१७ च्या दुसरीत, नैराश्य आलेल्यांमध्ये, ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. दोन्ही गट सुधारले होते. अनावर रडू-हसू येण्यावर मात्र याच वर्गातील औषधे अल्प मात्रेत उपयोगी पडतात. डेक्स्ट्रोमेथॉर्फन व क्विनिडीन यांच्या मिश्रणाला अमेरिकेत २०१० साली याच लक्षणासाठी मान्यता मिळाली.

सर्वांत कठीण प्रश्न आक्रमकतेचा. वॉर्डात आरडाओरडा झाला की हॅलोपेरिडॉल या संशय-भासांवरील औषधाचे इंजेक्शन टोचण्याची सवय जुनी आहे. १९८२ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात या औषधाने मेंदूच्या इजेनंतरची हालचालींतील सुधारणा मंदावली. उंदरांचा निष्कर्ष माणसांना थेट लावता येत नाही, तरी तातडीच्या प्रसंगापलीकडे ते चालू ठेवण्याबाबत तज्ज्ञ साशंक आहेत. बेन्झोडायझेपिन गटातील झोपेच्या गोळ्या गोंधळ व विस्मृती वाढवतात, क्वचित उलट बेभानही करतात. त्या मानाने प्रोप्रॅनोलॉल या रक्तदाबाच्या औषधाची बाजू बरी आहे. मात्र नाडी व रक्तदाब पाहावा लागतो आणि दमा असल्यास ते टाळतात. लक्ष न लागणे, मंदपणा यांवर मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध देतात.

इजेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपोआपही सुधारत असतो. त्यामुळे गुण औषधाचा की काळाचा, हे ठरवायला राग किती वेळा, केव्हा व कशावरून आला याची तारीखवार नोंद घरच्यांना वहीत ठेवायला सांगतात. लक्षणे स्थिरावल्यावर मात्रा हळूहळू उतरवून पाहताना तीच वही पुन्हा उघडली जाते.