घरगुती जनित्र (छोट्या मोटरींचे) : बिघाड आणि दुरुस्ती

खेळण्यातली, टेपरेकॉर्डरमधली किंवा जुन्या प्रिंटरमधून काढलेली छोटी मोटर उलट वापरून, म्हणजे तिला वीज देण्याऐवजी तिचा शाफ्ट फिरवून, वीज मिळवण्याचे साधन. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या ज्या तत्त्वावर कोयनेची जनित्रे चालतात, तेच इथेही लागू पडते : चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे फिरले की त्यात विद्युतदाब तयार होतो. सातारा जिल्ह्यात शाळांच्या विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की असे एखादे जनित्र कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आकार घेत असते, आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री ते चालत नसते.

न चालण्याचे कारण बहुतेक वेळा तारांत नसून गतीत असते. मोटरचा दाब फेऱ्यांच्या प्रमाणात वाढतो. ३ व्होल्टवर मिनिटाला ६,००० फेरे घेणारी खेळण्यातली मोटर हाताने ६०० फेऱ्यांनी फिरवली, तर ०.३ व्होल्टच्या आसपासच मिळणार. तांबड्या एलईडीला १.८ ते २ व्होल्ट लागतात, पांढऱ्याला ३ च्या जवळपास. मग मुले एलईडी बदलतात, जोड पुन्हा डाग देऊन पक्के करतात, आणि फेरे मात्र तेवढेच राहतात. या गैरसमजाला चाळकेवाडीचे पठारही थोडे जबाबदार असावे. ठोसेघरचा धबधबा पाहून वर पठारावर गेलेल्या मुलाला पवनचक्कीचे पाते अगदी निवांत फिरताना दिसते. वरच्या डब्यातला गिअरबॉक्स दिसत नाही. अशा अनेक पवनचक्क्यांत पात्याच्या मिनिटाला वीसेक फेऱ्यांचे जनित्रापाशी हजार-दीड हजार फेरे होतात. घरी हे काम सायकलचे चाक करते. ५५ सेंमी व्यासाच्या रिमवरून १ सेंमीच्या पुलीवर पट्टा घेतला, तर चाकाच्या एका फेऱ्यात मोटर ५५ वेळा फिरते. चाक मिनिटाला ६० वेळा फिरले की ३,३०० फेरे झाले. पट्टा ट्यूबचा कापलेला असेल आणि पुली गुळगुळीत असेल तर तो घसरतो. पुलीवर ट्यूबचाच एक तुकडा चढवला की बरेचसे भागते.

मल्टिमीटर (दाब, रोध वगैरे मोजायचे यंत्र) नसला तरी मोटर तपासता येते. तिच्या दोन्ही तारा मोकळ्या ठेवून शाफ्ट बोटांनी गरकन फिरवावा. मग तारांची टोके एकमेकांना टेकवून पुन्हा फिरवावा. मोटर चांगली असेल तर दुसऱ्या वेळी शाफ्ट जड लागतो, जणू आत कुणी धरून ठेवले आहे. वेटोळ्यात वाहू लागलेला प्रवाहच फिरण्याला विरोध करत असतो. काहीच फरक जाणवला नाही तर आतला ब्रश (फिरत्या भागाला टेकून वीज नेणारी पट्टी) उचललेला आहे, किंवा वेटोळे तुटले आहे. तारा मोकळ्या असतानाही शाफ्ट जड असेल तर दोष यांत्रिक समजावा : बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) सुकला आहे, शाफ्ट वाकला आहे, किंवा (हे फार वेळा होते) पुली चिकटवताना फेविक्विकचा थेंब ओघळून आत गेला आहे. मल्टिमीटर असल्यास ओहमवर (रोध मोजण्याच्या खुणेवर) ठेवून शाफ्ट सावकाश फिरवावा. आकडा थोडाफार हलतो, ते ठीक. एका ठराविक जागी दर फेऱ्याला उडी मारत असेल, तर आतल्या तीन वेटोळ्यांपैकी एक गेलेले असते आणि ती मोटर टाकून दुसरी घेणे बरे.

सगळ्याच मोटरी या कामाला येत नाहीत. टेपरेकॉर्डरच्या पुष्कळ मोटरींत गती स्थिर ठेवणारे छोटे सर्किट असते. ते काढून तारा थेट ब्रशच्या टोकांना जोडाव्या लागतात. कॉम्प्युटरच्या पंख्याच्या दोन तारांवर आतल्या सर्किटमुळे कामाची वीज मिळत नाही. मिक्सरच्या मोटरीत कायमचा चुंबकच नसतो, त्यामुळे ती नुसती फिरवून उपयोग नाही. प्रिंटरची स्टेपर मोटर मात्र सावकाश फिरवली तरी चांगला दाब देते. तिची वीज उलटसुलट दिशेची असल्याने दर वेटोळ्याला चार डायोडचा (डायोड म्हणजे एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) ब्रिज, म्हणजे वीज एका दिशेची करणारी जोडणी, लावावी लागते. दुकानात ‘४००७’ म्हटले की मिळतो तो डायोड चालतो.

अनेक मोटरी जोडताना गोंधळ होतो. एकामागे एक जोडल्यास दाबांची बेरीज होते, पण एखादीची दिशा उलट असली तर तिचा दाब वजा होतो. चार मोटरींत एक उलटी म्हणजे हाती दोनच मोटरींचा दाब. शेजारीशेजारी जोडल्यास जास्त दाबाची मोटर कमी दाबाच्या मोटरीला वीज देऊन तिलाच फिरवायला बघते. म्हणून प्रत्येकीच्या धन टोकाला एक डायोड घालतात. साध्या डायोडमध्ये ०.७ व्होल्टच्या आसपास जातात, आणि मुळात दोन व्होल्ट असताना ही किंमत जड आहे. बॅटरी भरायची असेल तरीही हा डायोड हवाच, नाहीतर हात थांबताच बॅटरी जनित्राला मोटर करून फिरवू लागते.

मल्टिमीटर ५ व्होल्ट दाखवतो आणि मोबाइल चार्ज होत नाही, ही तक्रार बिघाडाची नाहीच. ५ व्होल्ट, १ अँपिअर म्हणजे ५ वॉट; खेळण्यातली मोटर एक वॉटही नीट देत नाही, आणि भार लावताच तिचा दाब बसतो. तीच गोष्ट ‘फ्री एनर्जी’ची. एक मोटर दुसरीला फिरवते आणि दुसरीची वीज पुन्हा पहिलीला, असा देखावा पाहून मुले तो हौसेने जुळवतात व तो का थांबतो हे विचारतात. दोन्ही मोटरींनी ६० टक्के काम केले, असे उदारपणे धरले तरी फिरून ३६ टक्केच परत येते. चालू राहिलेला दिसला तर खोक्याखाली सेल शोधावा.

पाटण किंवा महाबळेश्वरकडच्या शाळेत एक पावसाळा कपाटात काढलेली मोटर पुढच्या प्रदर्शनाला मुकी होते. कम्युटेटरवर (ब्रश ज्यावर घासतो त्या फिरत्या कड्यावर) काळा थर चढतो, ब्रश टेकूनही वीज जात नाही. तिला आधी सेलवर मोटर म्हणून दोन-तीन मिनिटे सुलट, मग उलट चालवावे. घासून थर निघतो. नंतर ती जनित्राला जोडावी.