हळदीचे दूध

दुधात हळद, सुंठ व मिरे घालून उकळलेले गरम पेय. सर्दी-पडसे, कोरडा खोकला, मुका मार यांवर विदर्भाच्या खेड्यांत ते रात्री निजताना देतात.

उगम : चरकसंहितेत हरिद्रा (हळद) कुष्ठघ्न (त्वचारोगनाशक) व विषघ्न (विषनाशक) गणांत येते. भैषज्यरत्नावली या आयुर्वेदीय ग्रंथातील ‘हरिद्राखंड’ या शीतपित्तावरील (अंगावर पित्त उठण्यावरील) पाकात हळद, दूध, तूप, साखर व त्रिकटू (सुंठ, मिरे, पिंपळी) एकत्र आढळतात, म्हणून घरगुती पेय हे त्याचेच सोपे रूप मानण्याकडे कल असतो. मात्र हरिद्राखंड हा आटवून कोरडा केलेला, साठवणीचा पाक आहे. ग्रंथही अर्वाचीन, बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला. चुलीवरची रीत स्वतंत्रपणे चालत आली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हरियाणातील फरमाणा येथे हडप्पाकालीन भांड्यांवर हळदीचे अंश मिळाले आहेत. त्यांवरून स्वयंपाकातील हळद इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकापर्यंत मागे नेतात, पण दुधाशी तिचा संबंध त्यातून जोडता येत नाही.

घटक व कृती : वर्धा जिल्ह्यातील (ता. समुद्रपूर) वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यात कुर्क्युमिन (हळदीतील पिवळे, गुणकारी मानले जाणारे द्रव्य) सहा टक्क्यांच्या आसपास सांगितले जाते. शिजवून वाळवलेले हळकुंड खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करतात. गंजात (पातेल्यात) पेलाभर दूध, त्यात अर्धा चहाचा चमचा हळद, चिमूटभर सुंठ व दोन-तीन ठेचलेले मिरे घालून मंद आचेवर हळदीचा कच्चा वास जाईपर्यंत उकळतात. ओल्या आल्यातील विकरामुळे (एन्झाइममुळे) दूध नासू शकते, म्हणून सुंठच बरी. गुळानेही दूध फाटते. गंज चुलीवरून उतरवून, दूध थोडे निवल्यावरच गूळ घालावा. साय काढू नये, कारण कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळते. या भागातील गवळाऊ गाईचे किंवा नागपुरी म्हशीचे निरसे (न तापवलेले) दूध यासाठी उत्तम.

गुणधर्म : मिऱ्यातील पायपरिन या तिखट द्रव्यामुळे कुर्क्युमिनचे शोषण वीस पटींनी वाढते, हा निष्कर्ष बंगळूरमधील 1998 च्या प्रयोगाचा आहे. त्यात 2 ग्रॅम शुद्ध कुर्क्युमिनबरोबर 20 मिग्रॅ. पायपरिन दिले होते. अर्धा चमचा हळदीत वायगावचे प्रमाण धरूनही कुर्क्युमिन 100 मिग्रॅ.च्या आतच भरते, तेव्हा हा आकडा पेल्यातील दुधाला जसाच्या तसा लावणे योग्य नाही. 2020 मध्ये आयुष मंत्रालयाने 150 मिली. दुधात अर्धा चमचा हळद, दिवसातून एक-दोनदा, असे प्रमाण सुचवले होते. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी व रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ते नियमित घेण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा.